परतणाऱ्या ध्वनीची शब्दकुळे

परतून येणाऱ्या ध्वनीसाठी व प्रकाशासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या ज्या शब्दांचा प्रस्तुत अंकात मागोवा घेतला आहे, ते बहुतांशी ग्रीक व लॅटिन कुळांतले आहेत. ‘एको’चे मूळ ग्रीक असून, ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यात जूनोच्या शापामुळे इतरांचे केवळ अखेरचे शब्द उच्चारू शकणारी वनदेवता त्याच नावाची आहे. ‘रिफ्लेक्ट’ म्हणजे मुळात मागे वाकवणे. चिंतनाचा अर्थ त्याला पुढे जडला. सर्वांत अर्थसमृद्ध मात्र ‘रिव्हर्बरेट’ हाच शब्द मानावा लागेल, कारण लॅटिनमधील ‘व्हर्बेर’, म्हणजे चाबूक, त्याच्या मुळाशी असल्याने फटकारून परतवणे हा त्याचा आद्य अर्थ ठरतो आणि ज्या भट्टीत इंधन धातुकापासून वेगळे ठेवून ज्वाळांची उष्णता छताकरवी खाली परतवली जाते, तिच्या इंग्रजी नावातही तोच अर्थ जिवंत राहिला आहे. ध्वनिशास्त्रात या शब्दाला काटेकोरपणा आला तो वॉलेस सॅबाइन यांच्यामुळे. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाचा १८९५ पासून अभ्यास करून त्यांनी निनादकाल, म्हणजे ध्वनीची तीव्रता दशलक्षांशापर्यंत उतरण्यास लागणारा वेळ, ही संकल्पना मोजमापाच्या कक्षेत आणली.