रात्र कोणाची?

नवराबायकोने मिळून रात्री गाणे ऐकायला जायचे म्हटले, की आपल्याकडे केवढा प्रपंच उभा राहतो! तिकिटे काढा, मुलांना आजीच्या स्वाधीन करा, परतीची गाडी बघा. आणि एवढे करून पदरात काय पडते, तर शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. तीन तास दोघेही समोर बघत बसतात. मध्यंतरात बटाटेवडा खाताना काय ते बोलणे होईल तेवढेच. यालाच आपण 'बरोबर जाणे' म्हणतो.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रीत वेगळी आहे. पाऊस सरत आला, नवे भात हाती आले, की वारल्यांचा तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत वाजत राहतो. वाद्य मोठे विलक्षण. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि हे सारे सांधायला मेण. पेटीला भाता असतो. इथे वाजवणाऱ्याची छाती हाच भाता. गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर मध्ये तुटत नाही. तो मधोमध उभा, आणि त्याच्याभोवती बायकापुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात. चाल बदलली, की पावले बदलतात. दंडक एकच: तारप्याला पाठ दाखवायची नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हाच फेर पांढऱ्या रंगाने रेखून जगभर नेला. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही उभयता तलासरीकडच्या एका पाड्यावर एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. रात्री अंगणात तारपा सुरू झाला. आमच्या मंडळींनी सवयीप्रमाणे विचारले, "बसायचं कुठं?" घरधनीण हसली. "बसाचा नाय बाय, नाचाचा!" म्हणाली, आणि हिला ओढून फेरात घेऊनही गेली. मागोमाग मी. इथे श्रोता म्हणून वेगळी जातच नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळले. लग्नाला वीस वर्षे झाली. पण चारचौघांत एकमेकांच्या कमरेला हात घालून आम्ही उभे राहिलो ते त्या रात्री प्रथम, आणि कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही!

या रात्रीचे मोल समजायला थोडे मागे जावे लागते. या भागात एके काळी 'लग्नगडी' नावाची चाल होती. लग्नापुरते थोडे रुपये सावकाराकडून काढायचे, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनीही त्याच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे. राबणे तेवढे चालू राही. ज्या लग्नाने माणूस संसाराला लागायचा, त्याच लग्नाने तो गुलाम होई. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागे उभे राहिले, आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही चाली मोडल्या. गोदावरीबाईंनी ती हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. दिवस ज्यांचा स्वतःचा नव्हता, त्या जोडप्यांना तारप्याची रात्र काय वाटत असेल, याची कल्पना ते पुस्तक वाचून करता येते.

आता सावकाराची वेठ नाही. पण त्या रात्री घरधनिणीचा धाकटा मुलगा फेरात नव्हता. तो वापीच्या एका कारखान्यात रात्रपाळीला गेला होता. सून मात्र होती. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नणंद, आणि ती छान नाचत होती. पगार घरात येतो, त्यावर छपराची कौले बदलली; त्याला नावे ठेवण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या मास्तराला नाही. तरी वाटले, ही वाट अशीच चालली, तर तारपा वाजवणारा उरेल आणि फेर उरणार नाही. मग आपण त्याला समारंभाला बोलावू, शाल देऊ, रंगमंचावर पाच मिनिटे देऊ. आणि तिथे प्रेक्षकांकडे तोंड करायचे म्हणून नाचणारे तारप्याला पाठ दाखवतील.

तारपा जपायचा म्हणजे तो काचेच्या कपाटात ठेवायचा नव्हे. नव्या भातापासून दिवाळीपर्यंतच्या काही रात्री नवरा-बायकोला एकत्र मिळाल्या, तरी पुष्कळ झाले. कारखानदारांनी बोनसाबरोबर एवढीही दिवाळी द्यावी. फेरात कोणासाठी जागा राखून ठेवावी लागत नाही. दोघांनी हात सोडले, की तिसऱ्याची जागा तयार होते. यायला मात्र तो मोकळा हवा.