उघड्या गळ्याचा उन्हाळा

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४२-४४ वर गेला, की सगळा त्रास येऊन साचतो तो गळ्याशी. डोक्याला गमछा असतो, पोटात कैरीचं पन्हं असतं, जुन्या वळणाच्या माणसांच्या खिशात कांदाही असतो. गळ्याशी मात्र ताठ कॉलर आणि तिचं वरचं बटण! म्हणून माझ्या लेखी या गावाचा खरा पोशाख एकच, बुशशर्ट. अर्ध्या बाह्यांचा, पँटीबाहेर सोडलेला, उघड्या गळ्याचा.

त्याची सगळी करामत शिवणीत आहे. नेहमीच्या शर्टाला कॉलरखाली गळ्याभोवती उभी पट्टी असते. कॉलर ताठ राहते ती तिच्या जोरावर. बुशशर्टाला ही पट्टीच नाही. कॉलर थेट गळ्याच्या शिवणीत बसवतात आणि पुढच्या पल्ल्याचं आतलं कापड उलटून कोटासारखं छातीवर पडतं. खालचा घेर सरळ, बाजूंना छोट्या चिरा. हवा खालून शिरते, वरून निघून जाते. हा शर्ट इन करणाऱ्यांना काय म्हणावं? कापड अर्थात सुती हवं. टेरिकॉटच्या लाटेत आपण इस्त्री वाचवली आणि घाम पदरात पाडून घेतला.

हा कपडा फौजेतून आला. दुसऱ्या महायुद्धात उष्ण मुलखातले सैनिक बुश जॅकेट घालत. त्याला चार खिसे आणि कमरेला पट्टा. साध्या माणसांच्या अंगावर येईपर्यंत पट्टा गेला, खिसेही कमी झाले. आमचं गाव तर छावणीचं. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, मग युद्धकाळातली खमरियाची फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी. इथल्या कितीतरी मराठी घरांची चूल या कारखान्यांवर पेटली. सकाळच्या पाळीला सायकलवरून निघालेल्या त्या पिढीला बुशशर्ट शोभूनही दिसे आणि परवडेही. साहेबापुढे उभं राहायला चालेल इतका तो नीटनेटका, आणि घरी आल्यावर बदलायची घाई नाही इतका सैल.

याच गावात १९५६ पासून मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय आहे. बार कौन्सिलच्या नियमांत उन्हाळ्यात वकिलांना काळ्या कोटातून सूट आहे, पण ती खालच्या न्यायालयांपुरती. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत नाही. म्हणजे एप्रिलच्या उन्हात अशील बुशशर्टात आणि त्याची बाजू मांडणारा काळ्या कोटात, गळ्याला पांढरे बँड बांधून. फी कशाची घेतात, असं विचारायची सोय नाही.

आता हाच शर्ट मॉलमध्ये ‘क्यूबन कॉलर’ म्हणून टांगलेला असतो, बहुधा रेयॉनचा, ताडाची झाडं छापलेला. हवाईत रंगीबेरंगी झालेला हा प्रकार फिरून आमच्याकडे आला, याला माझी हरकत नाही. पोरं घालतात, छान दिसतात. किंमत पाहून मात्र मी कापडाच्या दुकानाकडे वळतो.

मास्तरांकडे शिवायला टाकायचा तर होळी झाली की लगेच. लग्नसराई सुरू झाली, की ते साध्या शर्टाला हात लावत नाहीत. आणि ‘कॉलरला पट्टी नको, आत कॅनव्हासही नको’ हे दोनदा बजावावं. नाहीतर सवयीने घालतातच.