हमी देणाऱ्यापासून सावध

उपचारांसाठी कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येतात. पण घरातला मुलगा ‘मी मुलगी आहे’ असे वर्षानुवर्षे सांगत राहिला, की याच गावातल्या आईवडिलांना कुणाला विचारावे ते कळत नाही. शेजारी थेरं म्हणतात, कुणी यल्लम्माचे बोलावणे म्हणतो, तर कुणी मूल ताळ्यावर आणण्याची हमी देतो.

हमी देणाऱ्याकडे जाऊच नये. जागतिक आरोग्य संघटनेने शरीर आणि लिंगभाव यांतील ही विसंगती मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घातली. ते वर्गीकरण २०२२ मध्ये लागू झाले. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ओळख बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले.

मुलाची घालमेल, उदासी मात्र खरी असते. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. भरवशाचा डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतो, पालकांचेही ऐकतो, कोणताही शिक्का मारण्याची घाई करत नाही. ओढणी घेतली म्हणजे सगळे ठरले, असे नसते.

सुरुवात शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून करता येते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येते. मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांनीच उभा केलेला गट आहे. असा गट जिल्ह्याजिल्ह्यांत हवा. महिन्यातून एकदा मनोविकार विभागात अशा पालकांची बैठक भरवायला नवी इमारत लागत नाही. एक खोली आणि बंद दार पुरते.