पदवीची अट कोणासाठी?



गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत डेटा स्टोरेज सांभाळणाऱ्या इंजिनियरची जागा निघाली. जाहिरातीचा मसुदा मला दाखवला गेला. 'एन्ट्री लेव्हल' जागा, पण अट कॉम्प्युटर सायन्सच्या चार वर्षांच्या पदवीची आणि वर तीन वर्षांच्या अनुभवाची! तीन वर्षे काम केलेला माणूस नवशिका कसा?

या कामाला खरोखर काय लागते? लिनक्स, थोडे नेटवर्किंग, पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्ट लिहिणे. ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट स्टोरेजमधला फरक. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा राहतो, रेड-६ मध्ये दोन गेल्या तरी. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल सगळीकडूनच पुसली जाते. हे सारे कम्युनिटी कॉलेजात किंवा घरी जुन्या मशीनवरही शिकता येते.

त्याहून महत्त्वाची आहे ती बॅकअप परत आणून बघण्याची सवय. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावले. ही सवय पदवीच्या कागदावरून कळत नाही.

पदवीने पाया पक्का होतो, हे मला मान्य आहे. नवी फाइल सिस्टिम रचायची तर तो हवाच. पण बिघडलेली डिस्क बदलायला?

१९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामाशी संबंध नसलेली शिक्षणाची अट कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवत असेल, तर ती बेकायदा आहे. हेतू वाईट नसला तरीही. २०२२ मध्ये मेरीलँड राज्याने हजारो सरकारी जागांसाठी चार वर्षांच्या पदवीची अट काढली.

आपल्यापैकी बरेच जण पदवीच्या जोरावर इथे आलो. त्या पदवीमागे आपली हुशारी होती, तशीच शिकलेले आईवडील, घरातली पुस्तके आणि अनेकांच्या बाबतीत जातही होती. आता माणसे निवडणाऱ्यांच्या खुर्चीत आपण आहोत. समतेवर इथे तावातावाने बोलणारे आपण सोमवारी ऑफिसात तीच अट डोळे मिटून मंजूर करतो.

मी दोन्ही अटी काढायला सांगितल्या. त्याऐवजी मुलाखतीत उमेदवाराने एक पुसलेली फाइल बॅकअपमधून परत आणून दाखवावी. "मग अर्ज फार येतील," असा आक्षेप आला.

येऊ देत की! वाचायला आपण बसलो आहोत.