युरियाची गोणी आणि लोखंडाचा पृष्ठभाग

प्रवरा-मुळेच्या पाटपाण्यावर ऊस पिकविणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात युरियाची गोणी ठाऊक नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. 45 किलोच्या गोणीची शासननियंत्रित किंमत, कर व कडुनिंबाच्या लेपाचा आकार सोडून, 242 रुपये आहे; उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. या स्वस्ताईमुळे गोणीतला नायट्रोजन हवेतून मिळविण्यास काय पडते, हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

नायट्रोजनच्या दोन अणूंची मिठी सहजासहजी सुटत नाही. हाबर आणि बॉश यांनी ती तप्त लोखंडावर, प्रचंड दाबाखाली सोडविली. लोखंडाच्या पृष्ठभागाला वायू चिकटतो, यालाच अधिशोषण म्हणतात. चिकटलेल्या रेणूत धातूचे इलेक्ट्रॉन शिरतात आणि त्याचा बंध सैल होतो. लोखंडाला पोटॅशियमची जोड दिली की ते आपले इलेक्ट्रॉन लोखंडाकडे ढकलते व हे काम सुकर होते. गेऱ्हार्ड एर्टल यांनी या पायऱ्या उलगडून दाखविल्या. त्यांना 2007 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हा व्यवहार एकतर्फी नव्हे. वायूही धातूला बदलतो. निकेलच्या सूक्ष्म कणांवर हायड्रोजन बसला की त्यांचे चुंबकत्व घटते. लोखंडावर ऑक्सिजनचा अल्पसा अंश बसला तरी नायट्रोजनला जागा उरत नाही.

हे आज आठवण्याचे कारण आर्थिक आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेस 19,744 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यांतून उद्याचा अमोनिया व्हावा, ही अपेक्षा. पाण्याच्या विद्युत-विघटनाने मिळालेल्या हायड्रोजनात ऑक्सिजन आणि बाष्प यांचा अंश राहतो, आणि लोखंडाचे नेमके वैर त्यांच्याशीच! तरीही या रकमेत संशोधनासाठी ठेवले आहेत केवळ 400 कोटी. म्हणजे शेकडा दोन. पृष्ठभागाचे कोडे न सोडविता कारखान्यांना प्रोत्साहन वाटणे ही काटकसर नव्हे.

असे संशोधन महानगरांतील संस्थांचे काम, असा आक्षेप घेतला जाईल. अतिनिर्वाताची महागडी उपकरणे एका महाविद्यालयास परवडणार नाहीत, हे खरेच. पण निकेलच्या भुकटीचे घटते चुंबकत्व तारेच्या वेटोळ्यानेही मोजता येते. शिवाय 1950 मध्ये प्रवरानगरला साखर कारखाना उभा राहिला, तो कोणा एकाच्या ऐपतीवर नव्हे. भागधारकांच्या थोड्याथोड्या रकमांवर. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये यांनी सामाईक प्रयोगशाळेची मागणी याच धर्तीवर करावी, आणि त्या शेकडा दोनांतला वाटा मागावा.