डीपीची नाडी कोण पाहणार?

मंडळी, पुण्या-मुंबईच्या भाच्या-पुतण्यांसाठी आधी एक खुलासा. आमच्या भूमकडे 'डीपी' म्हणजे मोबाईलवरचा फोटो नव्हे! दोन खांबांवर बसवलेलं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्याला आम्ही डीपी म्हणतो. ११ हजार व्होल्टची वीज उतरवून ती घराला आणि मोटारीला सोसेल अशी करणारं यंत्र.

ऐन रब्बीत एक वाक्य दरवर्षी कानावर येतं : "डीपी अचानक जळाला." आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून सांगतो, यातला 'अचानक' हा शब्द चूक आहे. डीपी अचानक जळत नाही, तो आधी आजारी पडतो आणि आजाराची लक्षणं दाखवतो. आतलं तेल त्याला थंड ठेवतं आणि विजेपासून आतली वेटोळी वेगळी राखतं. ते गळलं की काचेवर पातळी खाली दिसते. हवेतला दमटपणा शोषणाऱ्या डबीतले निळे खडे गुलाबी पडतात. तेलाचे ओघळ, वाढलेली घरघर, तापलेली टाकी... बघणारा हवा.

हिशेब तर सातवीच्या पोरालाही जमेल. ५ एचपीची मोटार साधारण ५ केव्हीए घेते. १०० केव्हीएच्या डीपीवर वीस मोटारी म्हणजे पोट भरलं. वर आणखी दहा चढल्या तर काय होणार? त्यात शेतीची वीज पाळीने येते. ती आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. फ्यूज उडू नये म्हणून कुणीतरी जाड तार घालून ठेवलेली असते. म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला!

आता जरा बालाघाटाच्या माळाकडे बघा. तिथल्या पवनचक्क्यांच्या पोटात तापमान आणि कंप मोजणारी यंत्रं असतात. बेअरिंग तापायला लागलं तर दूर बसलेल्या माणसाला पडद्यावर कळतं. तंत्र नाही असं कसं म्हणायचं? ते आमच्या डोक्यावर फिरतंय.

केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आरडीएसएस योजनेत ग्राहकांप्रमाणे डीपीवरही मीटर बसवायची तरतूद आहे. उत्तम. पण भर सगळा कशावर? वीज किती गेली, वसुली किती झाली, गळती कुठे आहे. तोच मीटर कोणत्या फेजवर किती भार आहे हेही सांगू शकतो. ते रोज वाचून, 'हा डीपी महिन्याभरात जाणार' अशी यादी लाइनमनच्या हातात कोण देणार? वीज नियामक आयोगाच्या नियमानुसार ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायला हवं. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते मेल्यावर.

कुणी म्हणेल, लाइनमन आळशी. मला पटत नाही. एका माणसाच्या गळ्यात इतकी गावं घातल्यावर तो बोलावतील तिकडे धावणार, नाडी कधी बघणार? कुणी म्हणेल, आकडे तुम्हीच टाकता. खरं आहे. पण आकड्यांचा भारसुद्धा त्याच मीटरवर दिसतो की! मग उपाय करा. वाढीव डीपी द्या, भार वाटून द्या, आकडे काढा. जळेपर्यंत थांबणं हा उपाय नव्हे.

शाळेत हजेरीपट कशासाठी असतो? चार दिवस मूल दिसलं नाही तर मास्तरनं घरी जाऊन चौकशी करावी, म्हणून. वर्षाअखेर नाव कमी करायला नव्हे.

माझं मागणं साधं आहे. दसऱ्याच्या आत, रब्बीच्या मोटारी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक डीपीचं तेल, खडे, फ्यूज आणि अर्थिंग तपासा. भाराचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि शेतकऱ्यांनो, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. डीपी जळाला की ज्वारी तर वाळतेच, पण गोठ्यातल्या जनावरांचं पाणीही तुटतं, आणि आमच्याकडे दुधावर, खव्यावर किती चुली पेटतात हे पेढा खाणाऱ्यांना सांगायला नको.

असो. तुमच्या गावचे डीपी कसे आहेत? जरूर लिहा. आधी एकदा लांबूनच नजर टाकून या मात्र. हात लावू नका!