थकबाकीची नोटीस आणि गाळेधारकाची कोंडी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या शिवाजी चौकात अथवा डोंबिवलीच्या फडके रोडवर दहा फुटी गाळ्यात धंदा करणाऱ्या दुकानदाराच्या हाती मालकाच्या वकिलाची नोटीस पडते, तेव्हा तिची भाषा बहुधा इंग्रजी असते. भाडे थकविल्याचा दोष त्याच्या नावे लिहिलेला असतो. भाडे का थकले, हे मात्र त्या कागदात कोठेही नसते.

कायदा याविषयी मुका नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात मागणीच्या नोटिशीनंतर एका महिन्याची मुदत होती. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ ने ती ९० दिवसांची केली. नोटीस लेखी हवी, ती मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधील रीतीने बजावलेली हवी, आणि ९० दिवस उलटल्यावाचून दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, दरसाल १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि निकालापर्यंत भाडे भरीत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. हे औदार्य नव्हे. मालकाला त्याचा पैसा सव्याज मिळतो. मिळत नाही तो फक्त गाळा.

आणि खरी ओढ गाळ्याचीच आहे. जुन्या इमारतीच्या जागेला पुनर्विकासाचा भाव आला की काही मालक भाडे घेणेच बंद करतात. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून पैसेच नाकारायचे, काही महिने जाऊ द्यायचे आणि मग थकबाकीदार म्हणून नोटीस धाडायची! ‘भाडे देण्यास तयार व राजी’ असलेल्या भाडेकरूला कलम १५ चे संरक्षण आहे. पण ती तयारी सिद्ध करण्यास नाकारलेल्या टपालाची पोच अथवा परत आलेला धनादेश जपून ठेवावा लागतो, आणि सकाळी सातला फळी उघडणाऱ्या माणसाला ही अक्कल बहुधा नोटीस आल्यावरच येते.

सारेच व्यापारी भाडेकरू दीनदुबळे नाहीत, हे मान्य. परंतु बँका आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना १९९९ च्या कायद्याने संरक्षणातून आधीच वगळले आहे. तेव्हा मोठ्यांच्या नावाने लहानांवर कुऱ्हाड चालविण्याचे कारण उरत नाही.

याहून मोठी पळवाट ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. १९७३ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला होता. आज नवा गाळा बहुधा परवान्यावरच मिळतो. परवानाधारकाला कलम १५ चे ९० दिवस नाहीत. करारात लिहिले असेल तेवढीच त्याची मुदत. करार कोणी लिहिला? अनामत घेणाऱ्याने.

२०२० च्या टाळेबंदीत हा भेद उघडा पडला. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरभाड्याची वसुली तीन महिने लांबविण्याची सूचना घरमालकांना केली. दुकाने सरकारच्याच आदेशाने बंद होती, त्यांच्या भाड्याचे काय? दिल्लीतील खान मार्केटच्या एका दुकानाच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी भाडे स्थगित करण्यास नकार दिला. शटर सरकारने पाडले, भाडे दुकानदाराने भरावे!

त्यानंतर २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. लागोपाठ दोन महिन्यांचे भाडे थकले आणि मागणीनंतर महिन्याभरात भरले नाही, की जागा खाली करण्याचा आदेश. त्यानंतर राहिल्यास प्रथम दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे. अर्थात ९० दिवसांवरून पुन्हा १९४७ च्या एका महिन्याकडे.

महाराष्ट्राने या नमुन्याला हात लावू नये. उलट थकबाकीची नोटीस मराठीत, महिनावार हिशेब आणि आधी दिलेल्या पावत्यांच्या नोंदीसह असल्याखेरीज ती ग्राह्य धरू नये. छोट्या गाळ्याच्या परवानाधारकालाही ९० दिवस द्यावेत. आणि मालकाने नाकारलेले भाडे त्याच महिन्यात जमा करून शिक्क्याची पावती मिळेल अशी खिडकी ठाणे व कल्याणच्या न्यायालयांत दाव्याची वाट न पाहता उघडावी.